पहिल्या बीपला स्पेस

आमच्या छापखान्यात कटकटबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी तिथे बांधणीला होतो, त्या संगणक सांभाळायच्या. छापखाना अंध वाचकांच्या पुस्तकांचा. मागच्या खोलीत कागदावर टिंबं उठवणारं ब्रेल छापयंत्र आणि त्याला जोडलेला एक जुना संगणक. त्यापुढे तपासनीस बसायचे. छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका काढायचं त्यांचं काम, एकोणीस वर्षांचं. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं, पण माझी वाकडी शिलाई हात फिरवून पकडायचे आणि चारचौघांत सांगायचे.

बाईंच्या निवृत्तीला दीड महिना उरला असताना मुख्य कार्यालयातून कागद आला. संगणक भंगारात काढा, छपाई बाहेरच्या मोठ्या छापखान्याकडे जाईल, तपासनीसांना टेलिफोनवर बसवा. ज्याची बोटं अख्खं पुस्तक वाचतात त्याने दिवसभर ‘थांबा, जोडून देतो’ म्हणत बसायचं. मला त्या कागदाची चीड आली होती आणि आजही येते.

कागद पाठवणाऱ्या साहेबांचं म्हणणं तसं बिनचूक होतं. मशीन, म्हणजे तो जुना संगणक, दर दोन-तीन महिन्यांनी बंद पडायचं. मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची. मूळ सीडी सात वर्षांपूर्वीची. त्यानंतर आलेली शंभरावर अपडेट एकेक करून चढवायची, संगणकाला छापयंत्राशी बोलायला लावणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम टाकायचा, असा दीड दिवस जायचा. शिवाय सिस्टिम टाकताना पडदा सारखं काहीतरी विचारतो, आणि पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तोवर मशीनमध्ये आलेलाच नसतो. बाई गेल्यावर हे करणार कोण?

“तपासनीस करतील,” बाई साहेबांना फोनवर म्हणाल्या.

“अहो, त्यांना पडदा दिसत नाही.”

“मग पडद्याला गप्प बसवते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या. जुनी सीडी संगणकावर उतरवून घेतली. सगळी अपडेट मूळ फायलींतच मिसळली, म्हणजे सिस्टिम टाकतानाच ताजी. ड्रायव्हर आत घुसवला, तपासनीसांचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही. हे सगळं एका सीडीत मावेना, म्हणून पत्त्यांचे खेळ, स्वागताची चित्रफीत आणि कधीच न लागणाऱ्या परक्या भाषांचे कीबोर्ड-प्रोग्रॅम काढून फेकले. मग एक फाइल लिहिली. पडदा जे जे विचारतो त्याची उत्तरं त्यात आधीच देऊन ठेवली. शेवटी एक हुकूम घातला: सगळं झालं की छापयंत्राने एक ओळ उठवायची. म्हणजे काम संपल्याचं तपासनीसांना बोटांनी कळेल.

अकरा सीड्या वाया गेल्या. त्या आम्ही चहाच्या कपांखाली ठेवायला घेतल्या. बारावी बाईंनी स्वतः दोनदा चालवून पाहिली, दोन्ही वेळा नीट चालली. मग तपासनीसांच्या हाती दिली. त्यांनी सीडी घातली, मशीन चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. दोनच मिनिटांत मशीनमधली जुनीच सिस्टिम सुरू झाल्याची धून वाजली.

“बाई, नवीन नवरी म्हणालात आणि आली ही जुनीच,” तपासनीस म्हणाले.

बाईंनी पुन्हा चालू करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मशीन सुरू होताना पाच सेकंद पडद्यावर एक ओळ येते: सीडीवरून सुरू करायचं तर कोणतीही कळ दाबा. इतकी वर्षं त्या ती कळ न बघता दाबत होत्या, त्यामुळे आपण काही करतो हेच त्या विसरल्या होत्या. दिसणाऱ्या माणसाचीच चूक ही. ती ओळ काढून टाकली तर सिस्टिम टाकताना मशीन मध्येच एकदा बंद होऊन चालू होतं, तेव्हाही ते सीडीकडेच धावायचं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. शेवटी ती ओळ ठेवली आणि मशीन चालू होताना वाजणाऱ्या बीपवरून नियम ठरला: पहिल्या बीपला स्पेस, दुसऱ्या बीपला हात मांडीवर.

बाईंच्या शेवटच्या दिवशी साहेब भंगाराचा फॉर्म घेऊनच आले.

“आत्ताच्या आत्ता मशीनमधलं सगळं पुसा,” बाई म्हणाल्या. “मी बाहेर उभी राहते.” आणि खरोखर बोळात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. साहेबांनी स्वतः मशीन पुसलं.

तपासनीसांनी सीडी घातली. बीप झाला, त्यांनी स्पेस दाबली. सीडी घरघरू लागली. पंधरा मिनिटं ती घरघर चालली. मग मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं आणि दुसरा बीप झाला. तपासनीसांचे हात मांडीवर. पडद्यावर मात्र तीच ओळ आली, कोणतीही कळ दाबा. साहेब पुढे झुकले. त्यांच्या घड्याळाचा पट्टा टेबलावर खरखरला.

“हात मागे घ्या, साहेब,” तपासनीस म्हणाले.

“अहो, पण इथे लिहिलंय...”

“लिहू द्या. दाबलीत तर सगळं पहिल्यापासून.”

साहेबांनी हात मागे घेतला. तासाभरात धून वाजली आणि छापयंत्राने खडखड करत एक ओळ उठवली. साहेबांनी कागद ओढून घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला.

“काय लिहिलंय यावर?”

“तुम्हाला दिसतंय ना?” तपासनीस म्हणाले. “मग वाचा की.”

साहेबांनी कागद तपासनीसांच्या हातात दिला. मग खिशातून पेन काढलं, फॉर्मवर ‘भंगार’ खोडून ‘वापरात’ लिहिलं आणि सही करून निघून गेले. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

बाई आत आल्या. तपासनीसांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं: “‘मशीन तयार आहे. कोणाला विचारायची गरज नाही.’ बाई, ‘गरज’मध्ये एक टिंब चुकलंय.”

“उद्यापासून मी येणार नाहीये,” बाई म्हणाल्या आणि एक कोरी सीडी त्यांच्या हातात ठेवली. “ही तेरावी. तुम्हीच दुरुस्त करा.”