चौथा भिडू

मला लिहायला सांगू नका, असं मी वाचनालयाच्या पाटकरबाईंना तीनदा सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली, नंतर आयुष्यभर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीन चालवलं. पण बाई ऐकेनात. "काका, तुम्ही कट्ट्यावर बोलता तसंच लिहा." म्हटलं, कट्ट्यावर मी शिव्या देतो. म्हणाल्या, "त्या मी काढीन." तेव्हा घ्या. असले किस्से जमवावे लागत नाहीत. चार म्हातारे एका टेबलाला रोज बसले की पंख्यावर धूळ बसावी तसे आपोआप बसतात.

आम्ही चौघं. मी परब, रिटायर कंडक्टर सावंत, स्मार्टफोनवाला मोरे आणि मूळचा चारकोप गावातला जुना ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आता आमच्याच बिल्डिंगमधला फ्रान्सिस. सोसायटीच्या पंपाशेजारी पत्र्याखाली रोज चार वाजता पत्ते, मेंढीकोट. मी आणि फ्रान्सिस एका बाजूला, ते दोघे दुसऱ्या. गेल्या वर्षी फ्रान्सिसची बायको रोझी गेली आणि हा माणूस खाली यायचाच बंद झाला. फोन उचलेना. मेंढीकोटला चार लागतात. तिघांत खेळायचं म्हणजे तीन पायांच्या खाटेवर झोपायचं.

त्याची मुलगी शेरॉन कॅनडात. तिनं बापाला घड्याळ पाठवलं. माणूस किती चालला, किती जिने चढला, ते सगळं तिला तिकडे दिसतं. फ्रान्सिसनं ते कामवाल्या सुमनच्या हातात बांधलं. सुमनला अख्ख्या सेक्टरची कामं. तिकडून पोरीचा मेसेज, "डॅडी, आय ॲम सो प्राउड!" आठवडाभर पोरगी खूश. मग एक दिवस घाबरून तिनं मोरेला फोन केला. "अंकल, डॅडी सातव्या मजल्यावर काय करतायत? आपल्या बिल्डिंगला तर चारच मजले आहेत ना?"

मोरे म्हणाला, आता माणसापेक्षा ॲप बरं. मनाचं दुखणं सांगायचं, ते उत्तर देतं, मराठीतसुद्धा. फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी म्हटलं, "माझा भिडू खाली येत नाही." ते म्हणालं, "तुम्हाला याबद्दल काय वाटतं?" म्हटलं, "राग येतो, दुसरं काय वाटणार." ते म्हणालं, "तुमची भावना अगदी योग्य आहे."

घरी येऊन बायकोला सांगितलं, एवढ्या वर्षांत तू जे एकदा म्हणाली नाहीस ते यंत्र दोन मिनिटांत म्हणालं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग ते ऐकत नसणार."

पुढे सोसायटीच्या हॉलमध्ये मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं. एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिच्यावर माझा राग नाही. फ्रान्सिसच्या गोळ्यासुद्धा एका डॉक्टरनंच चालू केलेल्या, त्या त्यानं घ्यायलाच पाहिजेत. पण सेक्रेटरी मधेच उठून म्हणाला, "अशा माणसांना स्पेस द्यावी, डिस्टर्ब करू नये." मी उभा राहिलो. म्हटलं, "वन बीएचकेमध्ये तो आता एकटा राहतो. आणखी किती जागा देऊ? भिंत पाडू?"

सगळे हसले. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "काका, त्यांच्याकडे कोण जातं?"

सेक्रेटरीनं चहा आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. फ्रान्सिसनं दार उघडलं आणि परत खुर्चीत जाऊन बसला. दाढी वाढलेली, टीव्ही बंद. मी म्हटलं, "काय रे, माणूस आहेस की फर्निचर?"

तर फ्रीजवरून आवाज आला. "अंकल, प्लीज. डॅडींना प्रेशर देऊ नका. इट्स टॉक्सिक."

मी फ्रीजकडे बघितलं. वर अंड्याएवढा कॅमेरा, त्यातून शेरॉन बोलत होती. म्हटलं, "बाय, तू रोज बघतेस ना? मग सांग, बापानं काल काय खाल्लं?"

फ्रीज हळूच म्हणाला, "रेकॉर्डिंग बघून सांगते."

मी डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्यावर ठेवली. पोरगी वाईट नाही, लांब आहे, एवढंच. संध्याकाळी मोरेच्या फोनवर तिचा सॉरी आला, तो मी घेतला. पण त्या वेळी फ्रान्सिस पहिल्यांदा बोलला. "परब, टोपी कधी धुतोस की नाही?"

बस. मी खाली गेलो आणि त्या दोघांना म्हटलं, टेबल उचला. सेक्रेटरी जिन्यात आडवा आला. "काका, त्यांना आवाजाचा त्रास होईल." सावंत म्हणाला, "पुढे सरका, गाडी भरली."

टेबल त्याच्या हॉलमध्ये मांडलं. तो आत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. आम्ही पत्ते चौघांत वाटायचो. त्याचे पत्ते त्याच्या खुर्चीपुढे पालथे. त्याची पाळी आली की मी एक उचलून टाकायचो, न बघता. हरायचो. मोरे मुद्दाम ओरडून सांगायचा, "फ्रान्सिस हरला रे." आतून हूं नाही की चूं नाही. सावंत जिन्यात म्हणायचा, "परब, सोडून देऊ या." मी म्हणायचो, "तुझा भिडू नाही ना तो, म्हणून."

असं किती दिवस चाललं, ठाऊक नाही. मग एका दुपारी मी त्याच्या पत्त्याला हात घातला आणि वरून दुसरा हात पडला. फ्रान्सिस. बनियनवर, दाढी तशीच. बसला. पत्ते उचलले, लावले. मोरेनं फोन उलटा ठेवला.

दोन्ही बाजूंच्या मेंढ्या, म्हणजे दहे, मोजण्यासारखं काही नव्हतं. तीन दहे त्यांच्याकडे गेलेले, चौथाही गेला की कोट, म्हणजे आमची पुरती हार. आमच्या हातात एकच आशा, फ्रान्सिसचा शेवटचा हुकूम. मी बदामचा एक्का टाकला. हात आपलाच, आंधळ्यालाही दिसेल. आणि ह्या माणसानं माझ्या एक्क्यावर तो हुकूम मारला. आपल्याच भिडूच्या एक्क्यावर! पुढच्या हाताला सावंतनं चौथा दहा उचलला. आमच्यावर कोट.

मी उभा राहिलो. म्हटलं, "गाढवा, माझा एक्का दिसला नाही?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पत्ते गोळा केले, माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "पत्ते पीस."

आता तो रोज चार वाजता माझ्यासमोर बसतो, खाली, पत्र्याखाली. पण त्या एक्क्याबद्दल अजून एका शब्दानं माफी मागितलेली नाही. पाटकरबाई, शिव्या काढा, पण नाव काढू नका. फ्रान्सिस डिमेलो.