चौथ्या भिंतीतली लोकर

ही गोष्ट कालपर्यंत मी कुणालाच सांगितलेली नव्हती — बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. नमाजाला उभा राहिलो तरी मन त्या गोष्टीपाशी येऊन वळसा घालून पुढं जायचं. आता जीभ सुटलीय, तर तुम्हीही ऐका.

मी पिंजारी. साताऱ्यात गाद्या-रजया भरतो. लढाई संपली त्या साली आमच्या आळीतल्या पेन्शनर जमादारांनी लष्कराच्या लिलावात घोडे न्यायचा एक ट्रेलर घेतला. पलटणीत त्यांनी जन्मभर घोड्यांची दुखणी बरी केलेली. थंडीभर मेढ्याच्या डोंगरात मुक्काम करायचा, वाडी-वाडीची जनावरं तपासायची, असं त्यांच्या मनात होतं. मागच्या अर्ध्यात त्यांची घोडी, पुढच्या अर्ध्यात ते. ओढायला बैल. पण नुसत्या पत्र्याच्या खोक्यात डोंगरातली थंडी कशी निभावणार? म्हणून शंकर सुतारानं आतून फळ्यांची दुसरी भिंत उभी करायची आणि मधल्या पोकळीत मी लोकर पिंजून भरायची, असं ठरलं. दोन पोती लोकर जमादारांनीच आणून दिली.

शंकर माझा लहानपणापासूनचा दोस्त — हे आधीच सांगून टाकतो.

तीन भिंती मी मन लावून भरल्या. चौथी... त्या दुपारी शेजारच्या गावात कुस्त्या होत्या. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. पोकळीत गोणपाटाचा बोळा अडकवला, त्यावर वीतभर लोकर पसरली. वरून पाहणाऱ्याला भिंत भरलेली दिसावी, म्हणून. खाली सगळं रिकामं. शंकरनं वरची पट्टी ठोकली. आणि उरलेली लोकर? ती मी घरी नेली, आमच्याच गादीत भरली, आणि तिच्यावर झोपलो.

जमादारांचं अंथरूण नेमकं त्याच भिंतीला लागून होतं. आठ-दहा दिवसांत त्यांना मेढ्याहून आडवं घालून आणलं. छाती भरलेली. वाचले ते, पण डोंगर कायमचा सुटला. ट्रेलरही कुणाला तरी देऊन टाकला.

आम्ही दोघं भेटायला गेलो, तेव्हा खाटेवरूनच ते म्हणाले, "शंकर, लेका, तुझ्या फळ्यांच्या फटीतनं वारं येत हुतं रं."

शंकरनं फक्त माझ्याकडं पाहिलं. आणि मी? मला कुणी विचारलंही नव्हतं — तरी मी बोललो. "व्हय जमादारसाहेब, सांधं जरा ढिलंच पडलं."

आळीत बभ्रा झाला. शंकरकडं कामं येईनाशी झाली. वर्षाच्या आत तो बायको-पोरं घेऊन कडेगावला गेला. निघाला त्या दिवशी मी दुकानाचं दार लोटून आत बसलो होतो.

इतक्या वर्षांनी काल कडेगावला गेलो. तो गाडीच्या चाकात आरे बसवत होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "वरची पट्टी ठोकताना भिंत पोकळ वाजली हुती."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

"तू बोलशील म्हनून थांबलो."

त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा चाकाला लागला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही मागितलं नाही.

आज सकाळी जमादारांकडं गेलो. त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय व्हनार? शंकरचं नाव आळीत गेलं, आळीतच सांग."

मग पारावर गेलो. जी माणसं होती त्यांच्यासमोर सांगितलं. दोघं उठून गेले. एकजण थुंकला. आणि खरं सांगू? — इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

भिंत मी रिकामी ठेवली होती. शंकरचे सांधे घट्ट होते.