दाढीमागे एक चौकट

दापोडीत रंगरावांचं सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि खडकीच्या छावणीतून रद्दीत आलेली चित्रकथांची पुस्तकं. गोरे साहेब गेले, पुस्तकं राहिली. रंगरावांना इंग्रजीचं अक्षर येत नसे, म्हणूनच बहुधा गोष्ट त्यांना फार छान समजे. एका दाढीला एक चौकट असा शिरस्ता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून ते चौकट उलगडत, त्यामुळे मध्येच शंका काढायची कोणाची छाती नव्हती.

"मारेकऱ्याचं तोंड काढलंच न्हाई बघा चितारणाऱ्यानं," ते म्हणत. "नुसती सावली काढली. तोंड आपल्यावर सोपवलंय."

मग बाकावर बसलेले आम्ही मनातलं एकेक तोंड त्या सावलीला लावून बघायचो.

पात्रांची नावं वाचता येत नसल्यामुळे ते गिऱ्हाइकांचीच नावं देत. त्या खेपेच्या नायकाचं नाक लांब, गाल बसलेले, म्हणून तो चिमाजी ठरला. खरा चिमाजी बीडकडून आलेला, नदीपलीकडे खडकीच्या कारखान्यात कामाला. नायक झाल्याच्या आनंदात त्यानं आम्हाला चहा पाजला. पुढे ती सावली चित्रातल्या चिमाजीच्या मागे लागली. दारात आली, जिन्यात आली, एकदा तर थेट जेवणाच्या ताटावर पडली. इकडे खऱ्या चिमाजीचं जेवण कमी झालं. शेवटच्या चौकटीत तो पुलावर मागे वळलेला होता आणि पायाशी त्या टोपीवाल्या मारेकऱ्याची लांब सावली. त्यापुढची पानं फाटलेली.

नेमका तेव्हाच आमच्या पुलाचा एका बाजूचा कठडा दुरुस्तीसाठी काढला होता. चिमाजीनं कामावर जाणं सोडलं.

त्याची बायको मंजुळाबाई सलूनच्या पायरीशी आली. "दादा, तुमीच पुलावर नेलं, आता तुमीच पार करा. नोकरी जातीय त्यांची."

रंगरावांनी काजळ खलून शेवटची चौकट स्वतः काढली. चिमाजी पैलतीरावर, हातात डबा, तोंडावर हसू. चिमाजीनं ती बराच वेळ न्याहाळली, दाढी करून घेतली आणि संध्याकाळच्या पाळीला निघाला.

रंगराव आपली कलाकृती कौतुकानं बघत बसले. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. डब्याची कडीसुद्धा काढली होती, पण चिमाजीला सावली काढायची राहिली होती, आणि सावली नसते ती भुताला.

बाहेर पडताना टोपी चढवायची सवय, ती चढवून ते पुलाकडे धावले. मागोमाग आम्ही. चिमाजी पुलाच्या मध्यावर होता. ऊन मावळतीचं, आमच्या पाठीवर. रंगरावांनी हाक मारली. चिमाजी थांबला, वळला, आणि त्याची नजर खाली गेली. पायाशी एक लांब सावली येऊन पोचली होती, टोपीसकट. तो मागे सरला. कठडा नव्हता त्याच बाजूला.

 रंगराव होते तिथेच मटकन खाली बसले. सावली आखडली आणि चिमाजीच्या पायांवरून निघाली. टोपी त्यांनी मांडीखाली दाबली.

"जा आता," ते म्हणाले. "मी बसलोय."

चिमाजी पलीकडे पोचेपर्यंत ते उठले नाहीत. बैलगाड्या वळसा घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी पुलावरच्या सावलीचं तेच पान उघडलं. त्या सावलीला तोंड लावून बघायला बाकावरचं कोणी तयार नव्हतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक तर मान जराही हलवत नव्हतं.