पाठीमागच्या रांगा

लग्नसमारंभांचं शूटिंग करून घर चालवणाऱ्या त्या बाईला सगळे शूटिंगवाली ताई म्हणत. नवरा वारल्यावर तिने त्याचा कॅमेरा खांद्यावर घेतला, तो घेतलाच.

त्या निवडणुकीत तिला सरकारी काम मिळालं. प्रचारावर उमेदवाराने किती खर्च करायचा, याला कायद्याची मर्यादा असते. ती पाळली जाते का हे कळावं म्हणून सभांचं चित्रीकरण होतं. खुर्च्या, कर्णे, गाड्या, फलक सगळं टिपायचं. मग कार्यालयातली माणसं ते पडद्यावर मोजतात आणि ठरलेल्या दराने उमेदवाराच्या नावावर खर्च धरतात. पथकाचे प्रमुख एक गणिताचे मास्तर होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, भाषण राहिलं तरी चालेल. आपल्याला नेता नको, बूड टेकायची जागा हवी."

ताई खळखळून हसली. ते हसू चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी सकाळीच तिचा थोरला भाऊ आला. तंबू-खुर्च्या भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. चहा नको म्हणाला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिने ओळखलं. दादा चहाला नाही म्हणणारा माणूसच नव्हता.

"उद्याच्या सभेला तूच ना?"

"हो. का रे?"

"खुर्च्या माझ्या आहेत. तीन हजार. पावती आठशे खुर्च्यांचीच दिलीय, बाकीचे रोख मिळणारेत." त्याने आवाज खाली आणला. "तू पुढच्या रांगा घे. मागे जाऊ नकोस. एवढंच."

"दादा, मागे जाणं हेच तर माझं काम आहे."

"तुझ्या मुलीची फी भरताना मी असले हिशेब केले नव्हते," एवढं बोलून तो गेला.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. टिपलं तर भाऊ गोत्यात. नाही टिपलं तर मास्तर बाजूलाच उभे असणार. काम जाईल आणि वर चौकशी लागेल. भाजीत दोनदा मीठ पडलं. मुलीने भाजीत दही कालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर पांढऱ्या खुर्च्यांचा नुसता समुद्र. ताईने पुढच्या रांगा घेतल्या. "आता मागे?" मास्तरांनी विचारलं.

"बॅटरी बदलते," ती म्हणाली. बॅटरी भरलेली होती.

मागे ट्रकपाशी दादा उभा होता. ती सरळ त्याच्याकडे गेली. "मी सगळ्या घेणार आहे. तुझ्या पाठीमागे नको, म्हणून तोंडावर सांगतेय. अजून वेळ आहे, मास्तरांना खरा आकडा सांगून टाक."

दादाने मान फिरवली. ती ट्रकवर चढली आणि एक-एक रांग टिपत गेली. पायाखालची फळी डुगडुगत होती, त्यामुळे चित्र हलत राहिलं.

हललेल्या चित्रातही खुर्च्या मोजता आल्या. उमेदवाराला नोटीस गेली. त्याच्या माणसाने हात वर केले, "जादा खुर्च्या खुर्चीवाल्याने आपल्या मर्जीने मांडल्या." आता दादालाच बोलावणं आलं. नऊ दिवस ताईचा फोन त्याने उचलला नाही. दारावर टकटक झाली की ती आधी खिडकीतून बघायची.

दहाव्या दिवशी मास्तरांनीच कळवलं, "तुमचे बंधू येऊन खरं काय ते लिहून देऊन गेले." खर्च वाढवून धरला गेला. तरीही तो मर्यादेच्या आत, अगदी काठावर राहिला. उमेदवार निवडून आला. दादाचे रोख पैसे बुडाले ते बुडालेच.

ताई गोदामात गेली. दादा पाइपने खुर्च्या धूत होता.

"मग एवढं सगळं कशासाठी केलंस?" मागे न बघताच त्याने विचारलं.

ताई ओल्या खुर्च्या उचलून रांगेत लावू लागली. शेवटची रांग लागल्यावर दादाने एक धुतलेली खुर्ची फडक्याने पुसली आणि तिच्याकडे सरकवली.