तेवीस नंबरची केळ

घर सोडून वसतिगृहात राहायला येणाऱ्या मुलींचे एकूण सात प्रकार असतात आणि तेवीस नंबर त्यांपैकी एकाही प्रकारात बसत नव्हती. हे मी अंदाजाने सांगत नाही. चिंचोटीच्या अलीकडे, कामणच्या रस्त्याला लागून असलेल्या एका निवासी शाळेत मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होते, आणि अशा गोष्टींची वही ठेवायची मला सवय आहे. उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या, पोट दुखतं म्हणणाऱ्या, जेवण टाकणाऱ्या, दुसरीला रडवून मग स्वतः गप्प होणाऱ्या, आईचा रुमाल हुंगत बसणाऱ्या, फाटकाशी जाऊन उभ्या राहणाऱ्या आणि आपल्याला काही वाटत नाही असं दिवसातून दहा वेळा सांगणाऱ्या. झाले सात. प्रत्येक प्रकारापुढे मी उपाय लिहून ठेवले होते आणि पंधरा दिवसांत ते लागूही पडत. तेवीस नंबरसाठी मात्र मला नवं पान उघडावं लागलं. तिला नाव होतं, चांगलं होतं. पण आमच्याकडे प्रत्येकीच्या कपड्यांवर लाल दोऱ्याने नंबर शिवलेला असे आणि माझ्या सगळ्या याद्या त्या नंबरांवर चालत. माणसाची सवय मोडत नाही, म्हणून इथेही तेवीस नंबरच म्हणते.

शाळेबद्दल थोडं सांगायला हवं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या संस्थापकांच्या मते शिक्षणाचं भवितव्य डोंगराच्या पायथ्याशी होतं. माहितीपत्रकावर धबधब्याचा फोटो होता. धबधबा अर्थातच आमचा नव्हता. पावसाळ्यातल्या रविवारी वाट चुकलेली सहलीची टोळकी निथळत आमच्या फाटकाशी यायची आणि खोल्या मिळतील का, असं विचारायची. संस्थापकांनी एका वर्षी या मागणीवर गंभीरपणे विचारही केला होता. माहितीपत्रकातला पोहण्याचा तलाव नियोजित होता, घोडा नियोजित होता, आणि ‘घरापासून दूर, तरीही घरीच’ हे आमचं ब्रीदवाक्य होतं. संस्थापकांची स्वतःची दोन्ही मुलं मात्र आईवडिलांजवळ राहून वसईतल्या शाळेत जात. याबद्दल पालकसभेत एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी व्यासंगी माणसासारखे डोळे मिटले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आमच्या बाकीच्या मुली लांबून आलेल्या. कुणाचे वडील आखातात, कुणाचे आईवडील मुंबईत नोकरीला. तेवीस नंबर आली गिरीजहून, म्हणजे स्कूटरने पाऊण तास. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी होती. मुलगी पाचवीत गेली तरी शाळेच्या वेळी सापडायची ती वाडीतच, पाटाच्या पाण्यात पाय घालून आजोबांना सल्ले देताना. तिने मोठेपणी पंख्याखाली बसायची नोकरी करावी अशी वडिलांची इच्छा होती. “बाई, वाडीपासून ही तुटली की शिकेल,” ते मला म्हणाले. हे बोलताना ते माझ्या टेबलावर वेलची केळ्यांची फणी ठेवत होते आणि मुलगी ती फणी दांड्याकडून का धरली नाही म्हणून त्यांना रागवत होती.

रडणं तिला मंजूर नव्हतं. तिची तऱ्हा वेगळी होती. तिने घर सोडलंच नाही. ती ते आमच्या वसतिगृहातून चालवू लागली. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती शेजारणीला सांगायची, “आता आजोबा फुलं काढून आले.” गणिताच्या तासाला सांगायची, “आता आई म्हशीला आंबोण घालतेय.” आणि दुपारी चार वाजता, मी रोज साबणाच्या वड्या मोजायला बसायची त्या वेळी, जिथे असेल तिथे थांबून, “आता पाट सोडला.” हे ती इतक्या खात्रीने सांगायची की थोड्याच दिवसांत भायखळ्याहून आलेली, जन्मात वाडी न पाहिलेली एकोणीस नंबरही चार वाजता खेळ थांबवून विचारू लागली, “पाट सोडला का गं?”

शनिवारी मुली घरी पत्रं लिहीत आणि ती माझ्या नजरेखालून जात. ‘मी मजेत आहे, खाऊ पाठवा’ हा सर्वांचा मजकूर. तेवीस नंबरचं पत्र हे पत्र नसायचं, परिपत्रक असायचं. ‘शेवटच्या रांगेतल्या केळींना टेकू द्यावेत. तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली की नाही ते लगेच कळवावे. काकांना विळा देऊ नये.’ प्रकृतीची चौकशी फक्त कोंबडीची. खाली सही. वडील ही पत्रं घेऊन यायचे आणि कामं झाली की नाही ते उभ्या उभ्या सांगायचे. वाडीपासून मुलीला तोडायला निघालेले ते गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यापुढे कारकुनासारखे उभे राहत.

स्वयंपाकघरात तिने पहिल्याच आठवड्यात शत्रू केला. आमच्या स्वयंपाकीणबाई जूचंद्रच्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. हात भारी, तोंडही भारी. एके दिवशी त्या कमरेला हात लावून माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“बाई, त्या पोरीला माज्या चुलीपासून लांब ठेवा. भाजीत पानी घातलं तर मला इचारते, मावशी, ही भाजी आहे की पाट?”

“लहान आहे हो ती.”

“लान? माजी सासू बरी होती.”

आणि तिची ट्रंक. आमच्या नियमाप्रमाणे पहिल्या दिवशी सामान कपाटात लावून ट्रंक माळ्यावर जाते. तेवीस नंबरने कपाट रिकामं ठेवलं. रोज लागेल तेवढं ट्रंकेतून काढायची, वापरायची, वाळलं की पुन्हा घडी घालून आत ठेवायची आणि कुलूप लावायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, “निघायचं कळलं की खोळंबा नको.” व्यवस्थितपणात मला कुणी मागे टाकल्याची ती पहिली वेळ, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. दर सोमवारी तिचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर यायचा. कारणं शेतीची असत. कंद काढायचे आहेत, भेंडी मोडायची आहे, म्हैस विणार आहे. अकराव्या अर्जात लिहिलं होतं, ‘कायमची रजा मिळावी, कारण इथे मी काही उपयोगाची नाही.’ तो अर्ज मी दोनदा वाचला. त्यात पहिल्यांदाच शेती नव्हती.

मुख्याध्यापक नुकतेच एका शिबिराहून आले होते. तिथे जे सांगितलं ते त्यांना अजून आठवत होतं. ते म्हणाले, “मुलीला एक जबाबदारी द्या.” मी तिला बोलावलं. स्वयंपाकघरामागे, भांडी घासायच्या मोरीचं पाणी जिथे जातं, तिथला तुकडा तिला दिला आणि वहीत करार लिहिला. तिने लावलेल्या झाडाचं फळ जेवणाच्या टेबलावर येईपर्यंत रजेचा अर्ज करायचा नाही. फळ आलं की मी स्वतः तिच्या वडिलांना बोलावून तिला कायमची घरी पाठवीन.

“मेथी-कोथिंबीर चालणार नाही. फळच हवं,” मी बजावलं. माझ्या डोक्यात आंबा होता, फार तर चिकू. मी देशावरची, झाड म्हटलं की पाच-सात वर्षं, आणि तोवर दहावी उरकते, असा माझा साधा हिशेब.

तिने बोटांवर मोजलं. “बसराई केळ. अकरा महिने, पाऊस बरा झाला तर. सही करा बाई.”

मी सही केली. दुसरा इलाज नव्हता. पुढच्या रविवारी तिचे वडील केळीचं मुनवं, म्हणजे मूळ केळीच्या बुडाशी फुटलेलं पोर, गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन आले. मी त्यांना बाजूला घेऊन करार सांगितला. ते म्हणाले, “चला, अकरा महिने तर अकरा महिने. पाचवी तरी होईल.” मग त्यांनी जमीन पाहिली, चिमूटभर माती बोटांनी चुरडली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “इथे नऊमध्येसुद्धा येईल.”

पुढचे महिने वसतिगृहातला प्रत्येक जीव त्या केळीच्या सेवेला लागला. मासळी धुतलेलं पाणी मावशींनी मोरीत ओतायचं नाही, केळीला घालायचं. चुलीची राख तिकडेच. मावशी आधी ओरडल्या, मग स्वतःच बादली घेऊन जाऊ लागल्या, मग कुणी दुसऱ्याने राख टाकली तर ओरडू लागल्या. एकोणीस नंबरला पाण्याची पाळी मिळाली, सात नंबरला किडे वेचायचं काम. कामात कुचराई झाली तर तेवीस नंबर आजोबांच्या आवाजात म्हणायची, “उद्यापासून येऊ नका.” मुली रडायच्या. घरची आठवण येऊन रडणाऱ्या सगळ्या मुली आता कामावरून काढल्या म्हणून रडत होत्या. माझ्या सात प्रकारांची वही जवळजवळ बंद पडली. संस्थापकांनी केळीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि पुढच्या माहितीपत्रकात ‘सेंद्रिय फळबाग’ असं छापलं. फळबागेत एक झाड होतं. तरीही आमच्या बाकीच्या सोयींच्या मानाने ते जास्तच होतं.

नाताळानंतर कपाटांची तपासणी केली तेव्हा तेवीस नंबरचं कपाट भरलेलं सापडलं. ट्रंक पलंगाखाली होती. उघडायला लावली, तर आत सुतळ्या, गोणपाट, एक विळा आणि सुकलेलं शेण. विळा मी जप्त केला. बाकीचं वहीत लिहून ठेवलं.

मार्चमध्ये केळ व्याली. घड बाहेर आला, फण्या सुटल्या, आणि टोकाचं केळफूल कापायची वेळ झाली तेव्हा मावशींनी त्याची भाजी केली. ती जेवणाच्या टेबलावर आली आणि सगळ्या मुलींचे हात थांबले. त्यांना करार पाठ होता. एकोणीस नंबरने रडवेल्या आवाजात विचारलं, “म्हणजे आता ही जाणार?”

तेवीस नंबरने भाजी वाढून घेतली. “हे फूल आहे. करारात फळ लिहिलंय,” ती म्हणाली आणि जेवू लागली. भाजीला तिने नाव ठेवलं नाही. मावशी त्या दिवशी उगाचच दोनदा वाढायला आल्या.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. वसतिगृह रिकामं होतं, मुली आठवडाभर आधीपासून दिवस मोजतात. तेवीस नंबर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “मी नाही जात. भर उन्हात घड टाकून कसं जाणार?” अकरा वेळा घरी जाण्याचे अर्ज केलेली मुलगी घरी न जाण्याचा अर्ज घेऊन आली होती. वडिलांनी तिला जवळजवळ उचलून स्कूटरवर बसवलं. निघताना तिने माझ्या हातात कागद दिला. “बाई, तुमच्यासाठी यादी केलीय.” आयुष्यभर मी लोकांना याद्या दिल्या, माझ्या हातात दिलेली ती पहिली. पुढच्याच आठवड्यात गिरीजहून पत्र आलं. ‘पाणी सकाळी द्यावे. घडावर वाळलेली पानं घालावीत. टेकू मावशींनी द्यावा, बाईंना जमणार नाही. घड कसा आहे ते लगेच कळवावे.’ त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी नव्हती, तरी मला बरं वाटलं. कोंबडीच्या जागी आता आम्ही आलो होतो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि घड भरला. केळी तयार झाली की त्यांच्या कडा गोल होतात, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना कळू लागलं होतं. रोज सकाळी ती घडाखाली उभी राहून मान वर करून बघायची आणि म्हणायची, “कडा आहेत अजून.” कडा नव्हत्या. मला दिसत होतं, मावशींना दिसत होतं, भायखळ्याच्या एकोणीस नंबरलाही दिसत होतं. तरी सगळ्या आपापल्या कामाला लागायच्या. वाडीवाल्यांत घड झाडावर पिकू देणं म्हणजे नाचक्की. तो हिरवा उतरवून पेंढ्यात पिकवायचा असतो. पहिल्या रविवारी वडील आले, घडाकडे बघून चटकन बोलून गेले, “अगं, हा तर आठ दिवसांपूर्वीच उतरवायला...” आणि थांबले. पोरगी मोरीच्या पाण्याकडे एकाग्रतेने बघत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले, “अजून वेळ आहे म्हणा.” आणि स्कूटरकडे गेले. स्कूटर चालू करायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

घड झाडावर पिवळा झाला. आधी कावळे आले, मग वटवाघळं, आणि चार दिवसांनी सकाळी झाडाला फक्त काळा दांडा लोंबत होता. “उदळलं सगळं,” मावशी म्हणाल्या आणि पदराने नाक पुसत आत गेल्या. तेवीस नंबर शांतपणे म्हणाली, “बाई, फळ टेबलावर आलं नाही. करार चालू आहे. बुडाशी तीन मुनवी आलीत, दोन ठेवू.”

करार तिच्या दहावीपर्यंत चालू राहिला. पुढचे सगळे घड व्यवस्थित उतरवले, पिकवले आणि खाल्ले, पण ती झाडं पुढच्या पिढीची होती, आणि करारात ‘तिने लावलेल्या झाडाचं’ असं लिहिलं होतं. हा मुद्दा तिनेच काढला. माझ्या त्या वर्षांच्या वह्यांत प्रत्येक ओळीपुढे पूर्ण झाल्याची खूण आहे. त्या एका ओळीपुढे नाही.

आता ती दापोलीला शेती शिकते. पंखा आहे म्हणे खोलीत, वडिलांनी तेवढं पाहून घेतलं. गेल्या दिवाळीत ती नायगावला माझ्या घरी आली तेव्हा तिथल्या वसतिगृहातली मैत्रीण तिच्याबरोबर होती. तेवीस नंबर आत जाऊन माझ्या कुंड्यांना नावं ठेवत होती, तेवढ्यात मैत्रिणीने हळूच विचारलं, “बाई, एक विचारू? तुम्ही खरंच रोज चार वाजता साबणाच्या वड्या मोजता?”

“का गं?”

“नाही, ही रोज चार वाजले की जिथे असेल तिथे थांबते. म्हणते, आता आजोबांनी पाट सोडला, आता बाई साबण मोजायला बसल्या.”

आतून आवाज आला की या तुळशीला पाणी जास्त होतंय. मी मैत्रिणीला म्हटलं, हो, मोजते. आमचं वसतिगृह बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.