ओल्या सैनिकाचं वजन

आमच्या शिपयार्डात वजनमास्तरांच्या काट्यावरून गेल्याशिवाय बोटीवर काहीही चढत नसे. केबलची भेंडोळी, रंगाचे डबे, खुर्च्या आणि एकदा तर आमचा चिनी मॅनेजरसुद्धा. "प्लीज सर, आधी काट्यावर," असं मास्तर इतक्या अदबीने म्हणाले की तो मुकाट्याने उभा राहिला.

मास्तर मूळचे नागपूरचे, बोटींच्या रचनेतले सीनियर इंजिनियर. मी प्लॅनिंगमध्ये. त्यांच्यामुळे काम अडलं की पहिला फोन मला. "सर, आता काय राहिलं?" मी विचारायची. "राहिलं नाही ताई, जास्त झालंय," हे ठरलेलं उत्तर.

आम्ही बांधत होतो त्या नदीत लढायच्या बोटी. सपाट तळ, पुढे मशीनगन, बाजूंना गोळी अडवणारे जाड पत्रे. समुद्रात बोट थोडी जड झाली तर जरा खोल बसते, बाकी काही बिघडत नाही. नदीत ती गाळात रुतते, आणि रुतलेल्या बोटीवर दोन्ही काठांवरून नेम धरता येतो. "समुद्र सांभाळून घेतो, नदी नाही," असं मास्तर प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

कामाबाहेरही तेच. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर मराठी मंडळाच्या सहलीत त्यांनी जेवणाची अख्खी ट्रॉली उतरवून पुन्हा नीट भरली होती. वहिनी म्हणाल्या, "लग्नात मला काट्यावर उभं केलं नाही, हेच नशीब." मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

मग ग्राहकाने, म्हणजे बोटी विकत घेणाऱ्या सैन्याने, वाढीव पत्रे मागितले, शिवाय दोन सैनिक जास्त. हिशेब कसाबसा बसत होता. मास्तर म्हणाले, "सैनिक ओला धरा." मॅनेजरने विचारलं, ओला कशाला? "तो नदीत उतरणार, चिखलाचे बूट घेऊन परत चढणार. कधी जखमी सोबत्याला ओढत आणणार. कोरडा राहील कसा?" चाचणीच्या दिवशी त्यांनी सैनिकांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि त्यांवर होजने पाणी मारलं. बोट ठरलेल्या खुणेपेक्षा खोल बसली. मास्तरांनी वजनाच्या दाखल्यावर सही केली नाही.

त्यांचा इथे काम करायचा पास त्याच सुमारास रिन्यू व्हायचा होता. कंपनीने शिफारस केली नाही तर घर गुंडाळून नागपूरला परत जायचं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मी यिशुनला त्यांच्या फ्लॅटवर गेले. "सर, मुलीची ओ लेव्हलची परीक्षा आहे या वर्षी. आता सही करा, पुढच्या बोटीत सुधारू."

"पुढच्या बोटीत वेगळी मुलं बसतील, ताई."

मुलगी फोनमधून मान वर न काढता इथल्या ढंगात म्हणाली, "डोन्ट साइन लाह, बाबा. एक्झाम कुठेही देता येते." वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "कुकर इथेच देऊन टाकू. जड आहे."

पास रिन्यू झाला नाही. सही दुसऱ्याने केली. मास्तरांच्या शेवटच्या आठवड्यात बोटी ताब्यात घ्यायला ग्राहकाचा एक तरुण अधिकारी आला, तेव्हा मास्तरांनी त्याला गाठून सगळं सांगितलं आणि दोन माणसं कमी बसवायला विनवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, किती माणसं बसवायची हे आमच्याकडे मी ठरवत नाही," तो म्हणाला. मास्तर परत आले, हेल्मेट काढून बाकावर बसले. "सांगून झालं," एवढंच म्हणाले. इतका थकलेला माणूस मी त्या यार्डात पाहिला नव्हता, आणि तिथे थकलेल्यांची कमी नाही.

चांगी विमानतळावर निरोप द्यायला मी एकटीच होते. वहिनी आणि मुलगी पुढे गेल्या. मास्तर आत जाता जाता थांबले. "ताई, एक चुकलंच. बोटीत बसणाऱ्या मुलांना पोहता येतं का, ते त्या अधिकाऱ्याला विचारायचं राहिलं."

"मी विचारते," मी म्हणाले.

त्या रात्री मी त्या अधिकाऱ्याला मेल पाठवली. उत्तर आमच्याच विक्री विभागाकडून आलं: ग्राहकाशी परस्पर संपर्क ठेवू नये. माझाही पास पुढच्या वर्षी संपतो.

सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर मी तीच मेल पुन्हा पाठवली.