आईऐवजी मी दिलेली उत्तरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आई नीट जेवत नाही हे मला माहीत होतं, आणि विचारायला आलेल्या बाईंना मी उलटंच सांगितलं.

आई कल्याणजवळ मोहन्याला एकटी राहायची, वडील कारखान्यात असताना घेतलेल्या खोलीत. मी ठाण्यात, बहीण डोंबिवलीला. दर रविवारी मी जायचो. कवळी हिरडीला लागते म्हणून तिने भाकरी सोडलेली. मग एकटीसाठी कुकर कुठे लावू, म्हणून वरणभातही सुटला. उरले चहा-टोस्ट. डब्यातलं पीठ तीन रविवार तेवढंच होतं. मी पाहिलेलं. झाकण लावून ठेवून दिलं. कवळीचं बघू गं पुढच्या महिन्यात, हे मी किती महिने म्हणत होतो, आठवत नाही.

एका रविवारी आरोग्य केंद्राकडून वस्तीचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या, साठीच्या पुढच्यांची माहिती घेत. दिवसातून किती वेळा जेवता, वजन उतरलंय का, चावता येतं का. प्रश्न आईला होते, उत्तरं मी देत होतो. दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते म्हटलं, वयाच्या मानाने ठणठणीत आहे.

ताईंचं पेन थांबलं. आईचा ब्लाउज दोन पिना लावून आत घेतलेला, त्या तिकडे बघत होत्या.

"आजी, तुम्ही सांगा. दादा रोज थोडेच असतात इथे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तो म्हणतोय तसंच लिहा."

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग यांना एकटं का ठेवलंय? तो विषय आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. मीही नाही.

दीड महिन्याने ती मोरीत चक्कर येऊन पडली. कल्याणला दवाखान्यात नेली. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले, कित्येक महिने हिच्या पोटात पुरेसं गेलेलंच नाही. बहीण रडत रडत आईवरच उखडली, मी फोन केला की जेवले, जेवले म्हणायचीस ना. आणि मीही तिथे, सगळ्यांदेखत, म्हणालो, "आई, निदान सांगायचं तरी होतंस."

आईने भिंतीकडे तोंड केलं. मला खोटं पाडलं नाही.

आता ती आमच्याकडे असते. कवळी नवीन केली. मऊ भात, वरण, उकडलेलं अंडं, सावकाश खाते. मी समोर बसतो, उठतो, पाणी आणतो, परत बसतो. बस रे एका जागी, म्हणते, माझ्या घशाखाली उतरू दे. बहीण आली की तिचं तेच, ही लपवते, हिच्यावर लक्ष ठेव. आई ऐकून घेते. मी काहीतरी निमित्त काढून आत जातो.

आईने बहिणीपासून लपवलं असेल, माझ्यापासून नाही. मला सगळं दिसत होतं, हे बहिणीला आईसमोर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.